दुधातली पुडी आणि माझ्या टी-पेशी

आधीच सांगून टाकते, मी बरी झालेली नाही. बरं होऊन, देवाचे आभार मानून, हसऱ्या फोटोसह लिहिलेले अनुभव तुम्ही वाचले असतील. मीही आजारपणात ढीगभर वाचले आणि वैतागून मिटले. माझ्या फुप्फुसातल्या गाठी जिथल्या तिथे आहेत, सध्या वाढत नाहीत एवढंच. रोज एक गोळी घेते. तिच्यामुळे तळपायाची सालं निघतात, भाकरी आणि पुठ्ठा यांची चव सारखीच लागते. तरी लिहायला बसले, कारण माझ्या आजारात एक चूक झाली आणि ती आपल्या खानदेशात कुठल्याही घरात होऊ शकते. ती कळल्यावर मी जशी वागले, तसंही कुठल्याही घरात कुणी वागू शकतं. त्यासाठी मात्र जरा जास्त शिकलेलं असावं लागतं.

मी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत आयुष्य काढलं. विषय टी-पेशी. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधली ही एक जात. शरीरभर फिरायचं, परकं काय ते हुंगायचं आणि मारायचं, हे त्यांचं काम. कॅन्सरची गाठ मोठी लबाड असते, ती या पेशींचा ब्रेक दाबून धरते. तो ब्रेक सोडवला तर त्या पेशी गाठीवर तुटून पडतात. या तत्त्वावर आज औषधं निघालीत, त्याला इम्युनोथेरपी म्हणतात. माझी उभी हयात त्या ब्रेकमध्ये गेली. लग्न केलं नाही, त्याचं कारणही लोक तेच समजतात, आणि मी कधी खोडून काढलं नाही.

निवृत्त झाल्यावर जळगावला फ्लॅट घेतला. दोन वर्षं मजेत गेली. मग खोकला सुरू झाला.

रिपोर्ट

खोकल्याकडे मी दुर्लक्ष केलं. लघवीतून रक्त गेलं तेव्हा करता आलं नाही. स्कॅन झाला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला गेले तर काउंटरवरची मुलगी पाकीट हातात धरूनच म्हणाली, "मॅडम, सोबत नातेवाईक कोणी आलंय का?"

"मीच माझी नातेवाईक. द्या इकडे."

रिक्षात बसून पाकीट फाडलं. विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचायचे तसा आधी शेवट वाचला. उजव्या मूत्रपिंडात मोठी गाठ, दोन्ही फुप्फुसांत पसरलेली. रिक्षावाला विचारत होता, "कुठं घ्यायची?" मी म्हटलं, "थांबा जरा." तो थांबला. मीटर नव्हतं, तरी थांबला. माझ्या आजारातला तो पहिला भला माणूस.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा भीती वाटलीच नाही. वाटलं ते असं की या कॅन्सरला इम्युनोथेरपी चालते. ज्या इमारतीच्या पायात माझी एखादी वीट आहे, तिथे आता मीच राहायला जाणार. मला चक्क अभिमान वाटला. माणूस किती मूर्ख असू शकतो याला काही मर्यादा नाही.

भीती घराजवळ आली. कोपऱ्यावर वांगी घ्यायला थांबले, भरिताची पांढरट हिरवी वांगी. बाईने विचारलं, किलो देऊ का अर्धा? मला ठरवता येईना. किलोभर वांगी संपेपर्यंत मी असेन, हे माहीत होतं. तरी ठरवता येईना. मी काहीच न घेता घरी आले.

अक्का

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मी चार वर्षांची असताना आई गेली, तेव्हा अक्का पंधराची होती. शाळा सोडून तिने मला वाढवलं. माझी वेणी, माझा डबा, माझी उवांची फणी, सगळं तिच्या हातचं. लग्न होऊन ती पारोळ्याजवळच्या खेड्यात गेली, तेव्हा सासरी तिची अट एकच होती: सुट्टीत शालू माझ्याकडे राहील. शालू म्हणजे मी.

आजाराचं कळल्यावर तिचा मुलगा प्रमोद तिला माझ्याकडे सोडून गेला. सोबत भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, वाफवलेल्या फुणक्यांसाठी डाळ, आणि घरच्या तुपाचा डबा. पिशवी ठेवायच्या आधी तिने विचारलं, "काय व्हयनं तुले?"

"गाठ शे."

"कसानी?"

"तुले समजावाव नही, अक्का. औषध चालू व्हयनं ना. बस."

एवढंच माझं तिच्याशी आजाराबद्दलचं बोलणं. परदेशातल्या सभागृहांत मी टी-पेशी समजावून सांगितल्यात. ज्यांना काडीचा रस नव्हता त्या अधिकाऱ्यांनाही हातवारे करकरून सांगितल्यात. अक्काला कधी नाही. तिने विचारायचं सोडलं नव्हतं. दर दिवाळीत तिचा प्रश्न ठरलेला, "तू तठे नेमकं काय करस वं?" आणि माझं उत्तर ठरलेलं, "उंदीर मारस." हे खोटंही नव्हतं. त्यामुळे गावात तिने वर्षानुवर्षं सांगितलं, मन्ही बहिन उंदीर मारानं औषध बनाडस. मी पुण्यात हा विनोद म्हणून सांगायची आणि सगळे हसायचे.

सलाईन

दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात जायचं. सकाळी रक्त द्यायचं, रिपोर्ट यायची वाट बघायची, मग एका लांबट खोलीत खुर्चीवर बसायचं आणि तासभर सलाईन. खोलीत सहा खुर्च्या. बाकी पाचांवर बहुतेक केमोवाले. डोक्याला रुमाल, मांडीवर उलटीसाठी पिशवी. माझे केस जागच्या जागी, पोट शांत. मी मासिक वाचत बसायची, जणू त्या खोलीत पाहुणी म्हणून आलेय.

शेजारच्या खुर्चीवर वरणगावची एक बाई असायची. नवरा कारखान्यात. स्तनाचा कॅन्सर, चौथी केमो. उलट्यांमधून उसंत मिळाली की ती आवळ्याची सुपारी पुढे करायची, "घ्या ताई, तोंड कोरडं पडतं." मी तिला एकदा ऐकवलं की माझ्या औषधाने तोंड कोरडं पडत नाही, ते फार नेमकं औषध आहे. ती म्हणाली, "चांगलं आहे ना मग," आणि पुन्हा पिशवीत ओकली. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

अक्का दारापाशी स्टुलावर बसून बाटलीकडे टक लावून बघायची. पहिल्याच दिवशी घरी आल्यावर म्हणाली, "हाई ते पानीच दिखास." दुसऱ्या सलाईननंतर म्हणाली, "त्या बाया पाह्यात का? कश्या सोलाई गयात. तुले काहीच व्हत नही. औषध लागी नही राहिनं तुले." तिच्या हिशेबात जे औषध छळत नाही ते औषधच नव्हे.

मी हसले. समजावून सांगायला पाच मिनिटं लागली असती.

बरं वाटायला लागलं

त्याच सुमारास मला बरं वाटू लागलं. नुसतं बरं नव्हे, झकास. सकाळी अक्का दूध द्यायची, जाड साय, वर तूप. "बठ्ठं पी, साय बी." मी सायीसकट सगळं पिऊन टाकायची. भूक अशी लागायची की कढी-फुणके मी तिच्या दुप्पट खायची. खोकला उतरला. अंगात ताकद आली. झोप कमी झाली, पण त्याचंही काही वाटेना. पहाटे उठून कपाटं आवरायची. चेहरा भरला. अक्का कौतुकाने गाल दाबून म्हणायची, "तोंडवर तेज उनं तुन्हा."

डॉक्टर माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचे. रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांनी कपाळाला आठी घातली. "मॅडम, साखर वाढलीय. आधी कधी नव्हती. बाहेरचं काही घेताय का? गावठी, आयुर्वेदिक, काढा, पुडी?"

"डॉक्टर, मी तुम्हाला पुडी घेणारी वाटते?"

ते ओशाळले. "विचारावं लागतं. आपल्याकडे सगळेच घेतात आणि कोणीच सांगत नाही."

"मी या विषयात तुमच्या जन्माच्या आधीपासून आहे," मी म्हटलं. हे वाक्य मला फार आवडायचं.

आता ऐका. माझ्या उमेदीच्या वर्षांत आम्ही एक प्रयोग केला होता. उंदरांना गाठी दिल्या, ब्रेक सोडवणारं औषध दिलं, आणि त्यातल्या निम्म्यांना सोबत स्टेरॉइड. स्टेरॉइड टी-पेशींना झोपवतं. त्या निम्म्यांच्या गाठी वाढल्या. पण मरेपर्यंत ते उंदीर मजेत होते. खा-खा खायचे. वहीत मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की हे उंदीर दिसायला निरोगी आहेत, फसू नये. भूक, भरलेला चेहरा, कमी झोप, वाढलेली साखर, हे सगळं माझ्यासमोर आरशात होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

कोसळले

चौथ्या सलाईननंतर प्रमोदच्या मुलीचं बाळंतपण आलं. अक्काला जाणं भाग होतं. जाताना चार-चारदा वळून बघत होती, काहीतरी सांगायचं होतं तिला. "दूध पीत जाय," एवढंच म्हणाली.

दूध मी प्याले. चौथ्या दिवशी दुपारी बाथरूममधून बाहेर येताना पाय गेले. उलट्या, अंगाला थंड घाम, डोळ्यांपुढे काळोख. शेजारच्या बाईंनी दवाखान्यात नेलं. रक्तदाब मोजताना सिस्टरने यंत्र दोनदा बदललं.

शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर सांगत होते की शरीराला आणीबाणीत लागणारं हार्मोन माझ्यात जवळपास नाहीच. मी पडल्या पडल्या हसले. मला उत्तर माहीत होतं. जागी झालेली टी-पेशी कधी कधी चुकून मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीवर चालून जाते आणि हे हार्मोन आटतं. म्हणजे माझ्या पेशी जाग्या झाल्या होत्या! ज्यांच्या पेशी असा धुडगूस घालतात त्यांच्या गाठी पुष्कळदा वितळतात. मी त्या कॉटवरून, नाकात नळी असताना, डॉक्टरांना आणि दोन शिकाऊ मुलींना पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. मुली लिहून घेत होत्या.

डॉक्टर शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "मॅडम, हे दुसऱ्या एका कारणानेही होतं. बरेच दिवस स्टेरॉइड घेऊन अचानक बंद केलं तर."

"मग ते मला लागू नाही," मी म्हटलं.

पुडी

अक्का तिसऱ्या दिवशी धापा टाकत आली. नातीला मुलगा झाला होता, ते सांगायचंही विसरली. आली ती थेट वंदना सिस्टरकडे. "माय, कपभर दूध कडक करी दे."

वंदना सिस्टर फैजपूरच्या, बोलायला फटकळ, हाताला हलक्या. त्यांनी दूध आणून दिलं आणि माझा ताप लिहायला वळल्या. अक्काने कनवटीतून कागदाची पुडी काढली, दुधात रिकामी केली, बोटाने ढवळली. इतक्या सराईतपणे, की मी बघत असूनही मला क्षणभर काही वावगं दिसलं नाही.

सिस्टरना दिसलं. "आजी, काय टाकताय ते?"

"काही नही. ताकदनं शे."

सिस्टरनी कागद हातात घेतला, हुंगला, माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, या पुड्या आमच्याकडेही मिळतात. सांधेदुखीला, दम्याला. यात काय असतं ते तुम्हाला मी काय सांगू."

धुळ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात दर गुरुवारी एक वैदू बसतो. अक्काच्या दिराचा दमा त्याच्या पुडीने उतरला होता. माझं पहिलं सलाईन झालं त्याच आठवड्यात अक्का प्रमोदला पाठवून पुड्या आणवायला लागली. आणि वैदूची ताकीद होती की पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो. आपल्याकडे बरीच औषधं अशी असतात, झाडाचं नाव विचारायचं नसतं. हसू नका. आमच्या शास्त्रातही रोग्याला आपण काय घेतोय ते न सांगता औषधं तपासतात, आणि त्या पद्धतीला आम्ही फार मान देतो.

"मी दिधं," अक्का म्हणाली. तिला वाटत होतं मी खूश होईन. "पयले गुरुवारपाईन. आते सांगी टाकं, आते गुन जाई."

अक्काकडची दुसरी एक पुडी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेत पाठवली. उत्तर पुढे आलं, पण मला ते तिथेच कळलं होतं: स्टेरॉइड. चांगलं भरपूर.

व्याख्यान

अक्का आली त्याच दिवशी दुपारी स्कॅन झाला. गाठी दुपटीच्या जवळपास वाढल्या होत्या आणि यकृतात एक नवीन आली होती. डॉक्टरांनी खुर्ची ओढून बसून सांगितलं. बसून सांगितलं म्हणजे काय ते मला कळतं.

ते गेल्यावर अक्काने विचारलं, "काय सांगं त्यासनी?"

आणि मग मी अक्काला माझं काम समजावून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. अहिराणीत, एकही अवघड शब्द न वापरता. सांगितलं की आपल्या रक्तात राखणदार असतात. गाठीने त्यांना खुंट्याला बांधून ठेवलं होतं. त्या पाण्यासारख्या दिसणाऱ्या सलाईनमधून मी त्यांची दावी सोडत होते. "आनी तू रोज सकाय त्यासले अफू पाजी, अक्का. मी दावं सोडू, तू अफू पाजं. चार सलाईन बठ्ठ्या वाया गयात." तिचा चेहरा उतरत चालला होता. तो बघूनही मी थांबले नाही. बघून मला जोर चढत होता. "मी मरसू ना, ते ह्या गाठमुये नही. तुन्हा हातना दूधमुये मरसू."

इतकं सोपं, इतकं स्वच्छ मी कधीच बोलले नव्हते. समोर एकच श्रोता, आणि त्याला शब्द न् शब्द कळला.

एक गोष्ट मात्र मी गाळली. ब्रेक सोडवणारी औषधं बऱ्याच जणांना लागतच नाहीत. पुडी न घेताही लागत नाहीत. का, ते आम्हाला अजून नीट कळलेलं नाही. कळलं असतं तर माझ्या निवृत्तीला काही अर्थ असता. एका रोग्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायची. बोलताना मला हे लख्ख आठवत होतं. आठवत असताना मी ते गाळलं.

अक्का बराच वेळ पुटपुटत राहिली. "राखनदार. राखनदार व्हतात." मग मान वर करून विचारलं, "हाई माले पयलेच काबर नही सांगं तू?"

हे आधीच का सांगितलं नाहीस. साठ वर्षांत तिने मला विचारलेला हा एकच प्रश्न असेल ज्याला मी "तुले समजावाव नही" म्हणू शकत नव्हते.

"आते तू जाय," मी म्हटलं.

ती गेली. दूध तसंच होतं, त्यावर साय धरली होती. वंदना सिस्टरनी ते मोरीत ओतलं आणि मला म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या औषधाचा साइड इफेक्ट म्हणून तोंड असं होतं का?" त्यांनी माझी तक्रार ओढवून घ्यायची तयारी ठेवून हे विचारलं. मी तक्रार केली नाही.

गोळी

सलाईन बंद झालं आणि ही गोळी सुरू झाली. गोळीला टी-पेशींशी काही देणंघेणं नाही, ती गाठीचा रक्तपुरवठा तोडते. म्हणजे ज्या विषयावर मी जगले त्याने मला हात दिला नाही, आणि ज्याच्याकडे मी ढुंकून पाहिलं नाही ते मला जगवतंय. पहिल्या महिन्यात पाय असे सोलले की मी घरात गुडघ्यांवर चालले. केस पांढरे फटक झाले. पण दुसऱ्या स्कॅनला यकृतातली गाठ दिसली नाही आणि फुप्फुसातल्या थांबल्या. वरणगावच्या बाईंची खुर्ची मी वर्दळीत शोधली. तिथे एक तरुण मुलगी बसली होती. मी विचारलं नाही, कारण नाव माहीत नव्हतं.

तुमच्या घरात कुणाला असं काही झालं असेल तर दोनच गोष्टी सांगते. जो स्वयंपाकघर सांभाळतो त्याला पहिल्या दिवशी समोर बसवा आणि औषध कसं चालतं ते त्याच्या भाषेत सांगा. आणि डॉक्टरांनी पुडीबद्दल विचारलं तर "मी नाही घेत" म्हणू नका. "मला माहीत नाही, घरी विचारते" म्हणा. फार छोटं वाक्य आहे. मला उच्चारता आलं नाही.

डॉक्टरांना मी एकदा विचारलं, पुडी नसती तर सलाईन लागलं असतं का? ते म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही मला विचारताय? कोणीच सांगू शकणार नाही."

पारोळ्याकडे

दिवाळीनंतर प्रमोदचा फोन आला. मावशी, म्हणाला, आईला काहीतरी झालंय. स्वयंपाकाला हात लावत नाही. सूनबाईने पुढ्यात ठेवलं तर दोन घास खाते. नातीचं बाळ सहा महिन्यांचं झालं, त्याला उष्टावण करायचं होतं, पहिला घास पणजीने द्यावा म्हणून सगळे थांबले, तर ती उठून गोठ्यात जाऊन बसली. म्हणते मन्हा हातनं काहीच खावावं नको.

दुसऱ्या दिवशी मी गाडी केली. पायांत सुती मोजे, त्यावर चपला. वाटेत धुळ्याच्या दिशेचा फाटा लागला, तिथे दोन माणसं गाड्यांना हात दाखवत उभी होती, पुड्यांच्या वैदूकडे जायचा रस्ता विचारत असावीत. मी काच खाली केली नाही. मनात वाक्य जुळवत होते. मी तेव्हा खोटं बोलले, अक्का. पुडीमुळे झालं असं कोणी म्हणू शकत नाही. चूक मन्ही शे. पन्नास वेळा म्हणून बघितलं.

अक्का ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. वाळली होती. मला बघून उठली, पायांकडे पाहिलं, चटई टाकली. मी बसले आणि सगळं म्हटलं, ठरवलं होतं तसं. औषध बऱ्याच जणांना लागतच नाही, हेही सांगितलं. तेव्हा लपवलं, हेही सांगितलं.

ती ऐकत होती. हातातली शेंग तशीच. मग म्हणाली, "म्हनजे मन्हामुये नही झायं?"

एकच शब्द हवा होता. नही. मी त्यासाठीच आले होते. तिच्या डोळ्यांत तो शब्द घ्यायची तयारी दिसत होती, हात पुढे केल्यासारखी. आणि माझी जीभ अडली. पुराव्यापलीकडे एक अक्षर बोलायचं नाही, ही सवय आयुष्यभर हाडात मुरवलेली. तिला मारायला मी ती सवय सोडली होती. तारायला सोडता आली नाही.

"कोनलेच सांगता येवाव नही, अक्का," मी म्हटलं. "झायं बी असी, नही बी."

तिने मान हलवली. सौदा ठरल्यावर हलवतात तशी. "तू खरं सांगस," म्हणाली. "ल्हानपनपाईन खरंच सांगस."

मग ती आत गेली. मला वाटलं चहा ठेवेल. चुलीचा, भांड्याचा आवाज आला नाही. ती बाहेर आली तेव्हा हातात ताट होतं. ताटात दुकानातली पाण्याची बाटली, झाकणाचं सील न मोडलेली, आणि बिस्किटांचा बंद पुडा. घरात येणाऱ्या कुणासाठी तिने असं कधी ताट आणलं नव्हतं. ते माझ्यासमोर ठेवून ती दोन पावलं मागे सरकली. हात पदराखाली घेतले.

"काय टाकेल शे ते मांगे बठ्ठं लिखेल शे," ती म्हणाली. "वाची ले, मंग खा."

मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. माझं वाचून होईपर्यंत ती उभी होती.